पटावरची लढाई आणि खेळाडूचा पेहराव

क्रिकेटपटूला पॅड लागतात, पहिलवानाला लंगोट लागतो, जलतरणपटूला अंगाबरोबर बसणारा पोशाख लागतो. या प्रत्येक वस्त्रामागे खेळाची गरज आहे. बुद्धिबळाचे तसे नाही. घोडा अडीच घरेच चालतो, मग त्याला चालविणारा सुटाबुटात असो की सदरा-लेंग्यात. असे असूनही गेल्या काही वर्षांत बुद्धिबळाच्या ज्या बातम्या सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचल्या, त्यांतील काही चालींच्या नव्हत्या, कपड्यांच्या होत्या. त्यांपैकी दोन बातम्यांच्या केंद्रस्थानी महाराष्ट्रातील मुली होत्या : पुण्याची सौम्या स्वामिनाथन आणि नागपूरची दिव्या देशमुख.

हा विषय सुचला तो जयपूरमध्ये. अजमेर रस्त्यालगतच्या सोडाला भागातील आमच्या शाखेत एक ग्राहक मुलीच्या स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरण्यासाठी धनाकर्ष काढावयास आले होते. धनाकर्षाचा अर्ज भरता भरता त्यांनी विचारले की, मुलीने स्पर्धेला शाळेचा गणवेश घालावा की घरचे कपडे? माहितीपत्रकात फक्त ‘सभ्य पोशाख’ एवढेच लिहिले होते. सभ्य म्हणजे काय, याचे उत्तर बँकेच्या परिपत्रकातही सहसा सापडत नाही, ते तेथे कोठून सापडणार! परंतु प्रश्न मनात राहिला.

व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर त्याचे उत्तर फारसे अवघड नाही. जयपूरचा डिसेंबर-जानेवारी अंगात शिरतो. मोठ्या पद्धतीचा एक डाव चार-पाच तास चालू शकतो, आणि तेवढा वेळ खुर्चीत जवळजवळ निश्चल बसावयाचे असते. तेव्हा एकावर एक घालता-काढता येतील असे उबदार कपडे बरे. बाह्या मात्र लोंबत्या नकोत. बाहीच्या किंवा ओढणीच्या टोकाने मोहरे कलंडले, तर ते पूर्ववत उभे करण्याचे काम ज्याने पाडले त्याने स्वतःच्या वेळात करावयाचे असते, असा नियमच आहे. घड्याळात अर्धे मिनीट उरलेले असताना हा भुर्दंड लहान नाही. प्रतिस्पर्ध्याचे चित्त विचलित करण्यास नियमांत मनाई आहे, त्यामुळे किणकिणणाऱ्या बांगड्याही घरी ठेवाव्यात. मनगटी घड्याळाचा प्रश्न तर हल्ली नाजूकच झाला आहे. कतारमधील २०२३ च्या स्पर्धेत कझाकस्तानच्या अलिशेर सुलेमेनोव्हकडून हरल्यावर मॅग्नस कार्लसनने प्रतिस्पर्ध्याच्या हातातील घड्याळाकडे बोट दाखविले होते. घड्याळ साधे, काट्यांचे होते, आणि सुलेमेनोव्हवर आपला आरोप नाही हेही कार्लसनने स्पष्ट केले होते. तरीही संगणकाच्या या युगात खिसा, कोट, बूट या साऱ्यांकडे पंच संशयाने पाहतात. खेळाडूच्या कपड्यांची तपासणी करण्याचा अधिकार पंचांना आहे. मात्र ती आडोशाला आणि खेळाडूच्याच लिंगाच्या व्यक्तीने करावी, असे बंधनही त्याच नियमात घातलेले आहे. हा नियम करणाऱ्यांनी थोडा विचार केलेला दिसतो.

पूर्वी हे सारे कोणी लिहून ठेवत नसे. १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकणारा अविभाजित पंजाबातील मीर सुलतान खान जुन्या छायाचित्रांत डोक्यावर फेटा बांधून पटाशी बसलेला दिसतो. पुढे प्रायोजक आले, दूरचित्रवाणी आली, आणि खेळाडू नीटनेटका दिसावा ही अपेक्षा कागदावर उतरली. ती मला अवाजवी वाटत नाही. काउंटरवर बसणाऱ्या आम्हा मंडळींना हे सहज पटावे : समोरच्या माणसाचा विश्वास पहिल्यांदा डोळ्यांवाटे येतो. अडचण येते ती अपेक्षेचे कलम झाल्यावर. युरोपीय बुद्धिबळ संघटनेने २०१२ मध्ये पोशाखाचे नियम केले, तेव्हा शर्टाचे वरचे बटण उघडे असावे, फार तर त्याखालचे दुसरेही, इथपर्यंत तपशील लिहिण्यात आला होता. बटणे मोजणारा पंच डोळ्यांसमोर आणून पाहावा!

कलमाचा सर्वांत गाजलेला प्रसंग न्यूयॉर्कचा. २७ डिसेंबर २०२४ रोजी जागतिक जलद स्पर्धेत कार्लसन जीन्स घालून आला. फिडे या जागतिक महासंघाने त्याला २०० डॉलर दंड केला आणि कपडे बदलून येण्यास सांगितले. उद्यापासून बदलतो, असे त्याचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही, नवव्या फेरीत त्याची जोडी लावली गेली नाही, आणि त्याने स्पर्धा सोडली. त्याच दिवशी रशियाच्या इयान नेपोम्नियाचीलाही खेळाच्या बुटांबद्दल दंड झाला होता. तो बूट बदलून आला आणि खेळत राहिला. दोनच दिवसांत महासंघाने भूमिका सैल केली. कोटाला साजेशी जीन्स चालेल असे ठरले, कार्लसन अतिजलद स्पर्धेसाठी परतला, आणि ते विजेतेपद त्याने नेपोम्नियाचीबरोबरच वाटून घेतले. ती जीन्स २०२५ मध्ये लिलावात ३६,१०० डॉलरला गेली. म्हणजे दंडाच्या १८० पट! वाणिज्य शाखेच्या माणसाला हा परतावा मोजल्याशिवाय राहवत नाही. मात्र रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला देण्यात आली, हे सांगणे न्यायाचे होईल. या गदारोळात आपल्याकडील किती वाचकांच्या लक्षात आले असेल, की २८ डिसेंबरला त्याच सभागृहात कोनेरू हम्पीने महिलांचे जागतिक जलद विजेतेपद दुसऱ्यांदा पटकावले? पहिले तिने २०१९ मध्ये मॉस्कोत मिळविले होते.

कार्लसनचा वाद हा, खरे तर, सोयीचा आणि स्वाभिमानाचा वाद होता. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता, स्त्री-पुरुष सर्वांना लागू होता, आणि तो मोडल्याची किंमत दोनशे डॉलर व एक फेरी एवढी होती. पुण्याच्या सौम्याचा प्रश्न मुळातच वेगळा होता.

सौम्या स्वामिनाथन ही २००९ ची मुलींची ज्युनिअर जगज्जेती. २०१८ मध्ये आशियाई सांघिक स्पर्धेसाठी भारताच्या संघात तिचे नाव होते. स्पर्धा आधी बांगलादेशात व्हावयाची होती. नंतर ती इराणमधील हमादान येथे नेण्यात आली. इराणमध्ये स्त्रियांनी डोक्यावर रुमाल बांधणे कायद्याने सक्तीचे. जून २०१८ मध्ये तिने जाहीरपणे कळविले की, ही सक्ती आपल्या विचारस्वातंत्र्यावर आणि धर्मस्वातंत्र्यावर अतिक्रमण करणारी आहे, म्हणून आपण संघातून बाहेर पडत आहोत. तिच्या निवेदनातील एक मुद्दा मला फार नेमका वाटतो. संघाचा पोशाख, औपचारिक पोशाख किंवा खेळाचा पोशाख मागितला तर तिची हरकत नव्हती. धर्माने सांगितलेला पोशाख खेळाडूवर लादणे मात्र तिला मान्य नव्हते. नियम असणे आणि नियम कशासाठी असणे, यांतील अंतर तिने दोन वाक्यांत दाखविले.

या निर्णयाची किंमत तिने स्वतः मोजली. देशाकडून खेळण्याची संधी खेळाडूला पुनःपुन्हा मिळत नाही. ज्या खेळाडू अशा अटी स्वीकारून खेळावयास जातात, त्यांना दोष देण्याचे मात्र कारण नाही. २०१७ ची महिलांची जागतिक स्पर्धा तेहरानमध्ये झाली, तेव्हा आपल्या द्रोणावल्ली हरिका आणि पद्मिनी राऊत तेथे खेळल्या होत्या. कोणी कोठवर जावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. युक्रेनच्या अॅना मुझिचुकने त्याच वर्षी डिसेंबरात रियाधला जाण्याचे नाकारले आणि जलद व अतिजलद अशी आपली दोन्ही जागतिक विजेतेपदे राखण्याची संधी सोडून दिली. तेथे डोके झाकण्याची सक्ती स्पर्धेपुरती नव्हती, तरी त्या देशात स्त्रियांना मिळणारी एकंदर वागणूक तिला अमान्य होती. आणि त्याच रियाधमध्ये आपला विश्वनाथन आनंद वयाच्या ४८ व्या वर्षी जलद प्रकाराचा जगज्जेता झाला. या दोन्ही गोष्टी एकाच स्पर्धेच्या आहेत, हे विसरून चालत नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही, फक्त त्याचे रूप बदलले आहे. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी राष्ट्रीय महिला स्पर्धेची पहिली दहा वर्षे आपसांत वाटून घेतली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढे वादळ उठले! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. त्या वेळी प्रश्न मुलीने त्या खुर्चीवर बसावे की नाही हा होता. आता ती खुर्ची तिची आहे, परंतु ती कशी दिसते याची चर्चा संपलेली नाही.

आणि ही चर्चा कोणत्याही नियमपुस्तकात नसते, म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धा आटोपल्यावर दिव्या देशमुखने समाजमाध्यमावर आपली खंत मांडली. काही डाव आपण चांगले खेळलो, याचा तिला अभिमान होता. बघणाऱ्यांचे लक्ष मात्र तिचे कपडे, केस, बोलण्याचा ढंग अशा खेळाबाहेरच्या गोष्टींकडे लागले होते. पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे क्वचितच येते, असेही तिने म्हटले. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. मला विचाराल तर न्यूयॉर्कचा दंड आणि दिव्याची ही तक्रार यांची तुलनाच होऊ शकत नाही. दंडाची पावती मिळते, दंड भरला की हिशेब मिटतो. लोकांच्या नजरेचे खाते कधी बंद होत नाही, आणि मुलींच्या बाबतीत ते जन्मापासूनच उघडलेले असते.

दिव्याने खेळणे थांबविले नाही. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा संघाचा पोशाख घालून तिसऱ्या पटावर बसलेल्या दिव्याने वैयक्तिक सुवर्णही जिंकले. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिची गाठ हम्पीशी पडली. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, निर्णय जलद डावांवर गेला, आणि एकोणीस वर्षांच्या दिव्याने तो जिंकला. या विजेतेपदाबरोबर तिला ग्रँडमास्टर हा किताब थेट मिळाला. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर, आणि भारतीय महिलांमध्ये चौथी.