‘लस’ या शब्दाचे कूळ

ग्रामपंचायतीपासून जिल्हा कचेरीपर्यंतच्या कागदपत्रांत ‘लसीकरण’ हा शब्द आज रूढ आहे. त्याच्या मुळाशी असलेला ‘लस’ हा शब्द मात्र प्रथम औषधाचे नाव नव्हता. फोडातून वा जखमेतून पाझरणारे पातळ, चिकट द्रव्य म्हणजे लस. आयुर्वेदात ‘लसीका’ ही संज्ञा शरीरातील अशाच द्रवास आहे. कन्नडातील ‘लसिके’ त्याच घराण्यातील. गुजरातीत ‘रसी’ म्हणजे पू, आणि प्रतिबंधक लसही. हिंदी व तेलुगू भाषांनी द्रव्याऐवजी दंडावरील खुणेकडे पाहिले व ‘टीका’ हा शब्द पत्करला.

इंग्रजी ‘व्हॅक्सिन’चे मूळ लॅटिनमधील ‘व्हॅका’, म्हणजे गाय, या शब्दात आहे. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातील द्रव एका आठ वर्षांच्या मुलास टोचला व त्यायोगे देवीच्या रोगापासून संरक्षण मिळते असे दाखविले. तो द्रव पुढे एका दंडावरून दुसऱ्या दंडावर असा बगदाद, बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचला. १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस तो टोचण्यात आला आणि तिच्यापासून पुणे, सुरत, हैदराबाद इत्यादी ठिकाणी त्याचा प्रसार झाला. जे दंडावरील फोडातून घ्यावयाचे, त्यास मराठीत ‘लस’ म्हणणे अगदी यथार्थ होते. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवू लागले. बेळगावच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव त्या उद्योगाचीच आठवण होय.

१८८१ साली लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ हा शब्द सर्वच प्रतिबंधक द्रव्यांना लावावा, असे सुचविले. वस्तुतः पाश्चर यांच्या काळपुळीवरील लशीचा गोदेवीशी काहीही संबंध नव्हता! १९८० साली देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. नाव तेवढे उरले.

मराठीत ‘लस’ शब्दासोबत ‘टोचणे’ हे क्रियापद इतके जडले आहे, की पोलिओचे वा रोटाव्हायरसचे थेंबही लसच होत, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. “बाळाला लस टोचली का?” या प्रश्नास, थेंब पाजून आणलेली माता प्रामाणिकपणे “नाही” म्हणेल आणि नोंद चुकेल. म्हणून नोंद घेणाऱ्याने “काय टोचले?” आणि “काय पाजले?” हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.