पडद्यावरील उत्तर कोठून येते?

रेल्वेच्या आरक्षित तिकिटावर दहा अंकी क्रमांक असतो. त्यास पीएनआर क्रमांक म्हणतात. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावरून गोवा एक्स्प्रेसने पुण्यास जाणारे कुटुंब प्रतीक्षा यादीत असेल, तर हा क्रमांक संकेतस्थळावर भरून ते आपल्या जागेची स्थिती पाहते. अंतिम यादी तयार झाल्यावरही प्रतीक्षेतच राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते. म्हणून अचूक उत्तर मिळणे अत्यंत आवश्यक असते. हे उत्तर येते कोठून?

पूर्वी आरक्षणाच्या नोंदी वहीत हाताने केल्या जात. ज्या खिडकीवर त्या गाडीची नोंदवही असे, तेथेच रांग लावावी लागे. १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीकृत आरक्षणास प्रारंभ झाला. १९८६ मध्ये 'क्रिस' ही रेल्वेची माहिती प्रणाली सांभाळणारी संस्था स्थापन झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही केंद्रे १९९९ मध्ये परस्परांशी जोडली गेली, तर २००२ पासून संकेतस्थळावरून तिकीट मिळू लागले. नोंदवहीची जागा आता डेटाबेसने घेतली आहे.

डेटाबेस म्हणजे माहितीचा सुव्यवस्थित साठा. त्यात तक्ते असतात. तक्त्याची एक ओळ म्हणजे एक नोंद आणि स्तंभ म्हणजे क्रमांक, गाडी, तारीख, स्थिती असे रकाने. आपण भरलेला क्रमांक दूरच्या सर्व्हर नावाच्या संगणकाकडे जातो. तेथे स्क्रिप्ट, म्हणजेच क्रमाने लिहिलेल्या सूचनांची मालिका, सज्ज असते. अशा सूचना लिहिण्यासाठी पीएचपीसारख्या भाषा वापरतात. स्क्रिप्ट डेटाबेसला 'एसक्यूएल' या प्रश्नभाषेत विचारते: 'प्रवाशांच्या तक्त्यातील ज्या ओळीत हा क्रमांक आहे, तिची स्थिती द्या.' डेटाबेस ती ओळ शोधून देतो. स्क्रिप्ट तिच्यावरून नवे पान रचते आणि आपल्याकडे पाठविते. पान आधी लिहून ठेवलेले नसते. म्हणूनच सकाळी 'प्रतीक्षेत' दिसणारी स्थिती सायंकाळी 'निश्चित' अशी दिसू शकते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. एखाद्याने क्रमांकाच्या चौकटीत एसक्यूएलमधील आज्ञाच लिहिली, तर? स्क्रिप्टने ती जशीच्या तशी प्रश्नास जोडल्यास इतरांची माहिती उघड होऊ शकते किंवा नोंदी पुसल्या जाऊ शकतात. म्हणून भरलेला मजकूर दहा अंकांचाच आहे ना, हे स्क्रिप्टने प्रथम तपासावे. तसेच प्रश्नाचा साचा व क्रमांक डेटाबेसकडे वेगवेगळे पाठवावेत. मग चौकटीत काहीही लिहिले, तरी ते आज्ञा ठरत नाही, केवळ शोधावयाचे मूल्य ठरते. डेटाबेसचा परवलीचा शब्दही सर्व्हरवरच राहावा, वाचकाच्या पडद्यापर्यंत पोहोचू नये.

नोएडा येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा निकाल नावनोंदणी क्रमांक भरून पाहतानाही आपण असाच प्रश्न विचारत असतो. एक अंक चुकला, तर नोंद सापडणार नाही किंवा दुसऱ्याचीच नोंद समोर येईल. संगणक आपल्या मनातील हेतू ओळखत नाही. तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. म्हणून क्रमांक भरताना तो पुन्हा एकदा पडताळून पाहणे हिताचे असते.