शिपायाची पाठपिशवी

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या भागांतून पिढ्यानपिढ्या माणसे फौजेत गेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावी पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. अशा गावांतून जुन्या घराच्या माळ्यावर कधी कधी एक मळकी खाकी पिशवी निघते. कुणी तिच्यात खिळे ठेवतो, कुणी बियाणे. कुणी ती मोडीत घालतो. पण असले जुने फौजी सामान जपून गोळा करणारे लोक देशोदेशी आहेत. या चिंध्यांत त्यांना काय दिसते, ते पाहू या.

दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ पर्यंत चालले. आपले मराठा शिपाई आफ्रिकेत आणि इटलीत लढले. रायगडचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळी शिपायाच्या अंगावर जो साज असे, त्याला '१९३७ चा नमुना' म्हणतात.

हा साज जाड सुती नवारीचा. खाटेची नवार असते ना, तशीच. पण अधिक घट्ट. कातडे पावसात भिजले की कडक होते, तडकते. नवार टिकते. कमरेला पट्टा, छातीवर दोन मोठे खिसे, पाठीवर लहान पिशवी, आणि सगळ्याला पितळी बक्कल. खिसे एवढे मोठे कशाला? प्रत्येक लहान तुकडीत एक ब्रेन मशीनगन असे. ती चालवणारे एक-दोघे, पण तिला गोळ्या लागत फार. म्हणून त्या गोळ्यांच्या पेट्या सगळ्यांनी वाटून घ्यायच्या. खिसा त्या पेटीच्या मापाने शिवलेला असे.

पाठपिशवीत जेवणाचे दोन डबे, एकात एक बसणारे. शिवाय जमिनीवर अंथरायचे कापड, मोजे, थोडा शिधा. पाण्याची बाटली लोखंडी पत्र्याची, तिला बूच दोरीने बांधलेले. बाटलीवर खाकी लोकरी कापड चढवलेले असे. ते ओले केले की आतले पाणी गार राही. आपल्या माठाचीच युक्ती, बरं का! घर सोडून हजारो कोस गेलेल्या माणसाचा संसार तो एवढाच.

आता पिशवीचे झाकण उलटून पाहा. आत शाईचा शिक्का असतो. त्यात पुष्कळदा कारखान्याचे नाव आणि साल सापडते. तीन रेघांची, बाणाच्या टोकासारखी खूण असली तर ती सरकारी मालाची. तिच्याखाली 'आय' हे इंग्रजी अक्षर असले तर माल हिंदुस्थानात बनलेला. कधी शिपायाचा नंबर आणि नावही असते. जाणता माणूस आधी तेच शोधतो. नव्या पिशवीवर जुना शिक्का मारून विकणारे लबाडही आहेतच.

म्हणून अशी पिशवी सापडली तर सोडा-साबण लावून धुऊ नका. अक्षरे जातील. बक्कल चिंचेने घासू नका. हलक्या हाताने धूळ झटका, सावलीत वारा द्या, ओलीपासून आणि वाळवीपासून दूर ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: ही कोणाची? कोणत्या पलटणीत होते? कुठे लढले? सांगतील ते कागदावर उतरवून पिशवीत ठेवा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. माझ्या मते बाजारात मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा तो कागद मोठा.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात पलटणीचे संग्रहालय आहे. वस्तू घरी सांभाळणे जमत नसेल तर तिथे विचारावे. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाने परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या महायुद्धाला आता शंभरावर वर्षे झाली, हे ध्यानात ठेवावे.

पिशवीच्या तळाशी काडतूस किंवा बॉम्बसारखे काही दिसले तर मात्र हात लावू नका. गंजलेली दारूसुद्धा उडते. पोरांना बाहेर काढा, दार लोटा आणि पोलीस पाटलांना लगेच कळवा.