वर्षावास आणि उघडी खिडकी

आषाढ पौर्णिमा आली, की आपल्या विहारांतून वर्षावासाला प्रारंभ होतो. आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने वंदना, ग्रंथवाचन व प्रवचने यांत जातात. या काळात भिक्खू एका ठिकाणी मुक्काम करतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो मुक्काम का, याचे कारण फारसे सांगितले जात नाही. ते कारण आजच्या चार भिंतींतल्या जीवनाला फार उपयोगी आहे, असे आम्हास वाटते.

विनयपिटकातील महावग्गात हा प्रसंग आला आहे. प्रारंभी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. तेव्हा लोक कुरकुरू लागले. पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडावर घरटे करून राहतात. मग हे श्रमण हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवीत का हिंडतात, असा त्यांचा आक्षेप होता. तथागतांनी तो मानला व वर्षावासाचा नियम घालून दिला. म्हणजे भिक्खू आत बसले ते निसर्गाकडे पाठ फिरवून नव्हे, तर गवताची व किड्यामुंग्यांची कणव बाळगून. नियमात आडमुठेपणाही नव्हता. आजाऱ्याची शुश्रूषा यांसारख्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा होती.

जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळ्याची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. कातळात कोरलेला मंडप आणि भोवती भिक्खूंच्या लहान खोल्या. खोली लहान, पण उंबरठ्यापलीकडे डोंगर आणि पाऊस.

आमचे मात्र उलट झाले आहे. बँकेत दिवसभर आम्ही ट्यूबलाईटखाली बसतो. बाहेर पाऊस आहे, हे खातेदाराच्या ओल्या छत्रीवरून कळते. विद्यार्थी अभ्यासिकेत, नाहीतर मोबाईलसमोर असतात. गतवर्षी ग्रंथवाचनाच्या वेळी पावसाच्या आवाजाने ऐकू येईना, म्हणून आम्ही सर्व खिडक्या लावून घेतल्या. आवाज थांबला, पण थोड्याच वेळात मंडळी पेंगू लागली! शेवटी खिडक्या उघडल्या, वाचणाऱ्याने आवाज चढविला, तेव्हा सारे सावध झाले.

खिडकीचे मोल शास्त्रज्ञांनीही तपासले आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. मुले दिवसाच्या उजेडात बाहेर खेळली, तर त्यांना दूरचे अंधुक दिसण्याचा दोष जडण्याचा संभव कमी होतो, असेही आता नेत्रतज्ज्ञ सांगतात.

आनापानसतीसाठी भगवंतांनी अरण्य, वृक्षमूल व शून्यागार, म्हणजे रिकामे घर, अशा तिन्ही जागा सांगितल्या आहेत. म्हणून ज्यास रानात जाणे शक्य नाही, त्याने निराश होऊ नये. उघड्या खिडकीजवळ दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसावे. बाहेरचा वारा तोच आपल्या छातीत येतो व परत जातो. पृथ्वी, आप, तेज, वायू हे बाहेरही आहेत आणि आपल्या देहातही.

आणखी दोन गोष्टी करता येतील. विद्यार्थ्यांनी तासाभराने पुस्तकातून मान वर करून दूरच्या झाडाकडे पाहावे. तसेच इमारतीच्या भेगेत पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे रोप उगवते. ते भिंत फोडते, म्हणून आपण उपटून फेकतो. ते मुळासकट अलगद काढून मोकळ्या जागेत लावावे. ज्या जातीच्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतमास संबोधी प्राप्त झाली, तेच हे झाड आहे.

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगा अनेकांच्या घरांत शिरली. तेव्हा सर्वांनी नदीकडे पाहिले. एरवीही तिच्याकडे पाहावे, मुलांना तिच्या काठी न्यावे. दार लावून घेतले तरी आपण तिच्याच खोऱ्यात राहतो. यंदाच्या वर्षावासात निदान एक खिडकी उघडी ठेवू या.

नमो बुद्धाय! जय भीम!