बळी, पश्चात्ताप आणि दारफळणीचा सण

यज्ञातील पशुबळीचा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्त विहारात आपण ऐकलेले आहे. शेकडो बैल यज्ञासाठी जमवलेला तो ब्राह्मण भगवान बुद्धांचा उपदेश ऐकून सारी जनावरे सोडून देतो. हाच प्रश्न ज्यू समाजाने कसा सोडविला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. वास्तविक हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, ते पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. गोरेगावहून हार्बरच्या गाडीने मशीद स्टेशनला उतरले की जवळच सॅम्युअल स्ट्रीटवर, १७९६ साली स्थापन झालेले, त्यांचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार.

जेरुसलेमच्या मंदिरात बळी दिले जात, हे खरे. पण त्या विधीचे नियम नीट पाहावेत. अपराध्याने जनावराच्या डोक्यावर हात टेकायचा आणि आपला अपराध स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा. कोणाचे धन लुबाडले असेल तर ते परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा. नुसते अर्पण चालत नसे. गरिबाला शेळी-मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसतील तर मापभर पीठ! पिठात रक्त कुठले? रक्तानेच पाप धुतले जाते, असे त्या शास्त्रालाही म्हणावयाचे नव्हते, असे आम्हांस वाटते. आमोस, यशया या संदेष्ट्यांनी तर स्पष्ट बजावले, की गरिबांवर अन्याय करणाऱ्या हातांचे अर्पण देवाला नकोसे झाले आहे.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले आणि बळी थांबले. भग्न मंदिर पाहून एक शिष्य हळहळला, की आता आमच्या पापांचे काय? तेव्हा गुरू योहानान बेन झक्काई यांनी त्याला सांगितले, की दयेची कृत्ये तितकीच समर्थ आहेत. ही कथा परंपरेने जपली आहे. पश्चात्तापाला हिब्रूत 'तशुवा' म्हणतात. शब्दशः अर्थ, परत फिरणे. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी कडक उपवास असतो. पण माणसाचा माणसाविरुद्धचा अपराध या उपवासाने फिटत नाही, त्या माणसाकडे जाऊन त्याचे मन वळवावे लागते, असा मिश्ना या ग्रंथाचा दंडक आहे.

मग बळी सांगितलाच कशाला? बाराव्या शतकातील मैमोनिदेस म्हणतात, त्या काळच्या लोकांना बळीविना उपासना ठाऊकच नव्हती, म्हणून ती सवलत. पुढच्या शतकातील नाखमनिदेस यांना हे मुळीच मान्य नव्हते. जनावराकडे पाहून अपराध्याला कळावे, की ही शिक्षा खरे तर माझी, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला पहिले मत पटते, दुसरे मात्र मनाला अधिक भिडते.

कोकणात हिब्रू जवळजवळ विसरली गेली, तरी उपवास टिकला. योम किप्पुरला बेने इस्रायल 'दारफळणीचा सण' म्हणत. पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून, बाहेरच्या कोणाशी संपर्क न ठेवता तो दिवस घरात काढायचा. मंदिराच्या नाशाचा दुखवटा पाळून वालाच्या बिरड्यावर उपवास सोडायचा, तो 'बिरड्याचा सण'. नवसाला गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे मुक्तिदात्याच्या आधी येणाऱ्या संदेष्ट्याचे, नाव घेतात. काही अभ्यासकांना या मलिद्यात जुन्या मंदिरातील धान्यार्पणाची आठवण दिसते. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली; मुंबई, ठाणे, अलिबाग येथे थोडी उरली आहेत.

दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी बंद दारे उघडत आणि गोरगरिबांना दान दिले जाई.