बोअरचं पाणी आणि दारातली मोटार

कुकरच्या आत पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल सारखी जाते, तूरडाळ काही केल्या शिजत नाही. घरात बोअरचं पाणी असेल तर ही गाऱ्हाणी तुम्हाला नवी नाहीत. तेच पाणी रविवारी मोटारीवर ओतलं जातं आणि दुपारी पाहावं तर बॉनेटभर पांढुरके ठिपके! मग "नीट पुसली नाही" म्हणून घरात कुरबूर. दोष हाताचा नसतो हो, पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बरेच दिवस राहिले तर रंगावरच्या पारदर्शक लेपाला कायमचे डाग पडतात आणि मोटार विकायला काढली की गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं.

जरा हिशेब करून पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, दुसरी सोयच नसेल तर, लिटरला ६०० मिलिग्रॅम कठीणपणा चालवून घेतला आहे. अशा पाण्याच्या १०० लिटरमध्ये ६० ग्रॅम क्षार झाले. पाच लिटरच्या बादलीत फक्त तीन. म्हणूनच बोअरवाल्या घरांना 'रिन्सलेस वॉश' हा प्रकार सोयीचा. बादलीत थोडा द्राव टाकायचा, त्याने पुसायचं, वरून पाणी ओतायचंच नाही. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावं लागलं, तिथल्या भगिनींना पाण्याचं मोल मी काय सांगावं!

बाटली घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. साध्या कार शॅम्पूला भरपूर पाण्याने धुवावंच लागतं, त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही. लेबलावर 'रिन्सलेस' हा शब्द हवाच. पाणी मऊ करणारा घटक, म्हणजे ईडीटीएसारखं काही, असल्याचा उल्लेख असेल तर उत्तम. पुष्कळ कंपन्या तो लिहीत नाहीत. अशा वेळी आधी लहान बाटली आणा, आपल्याच नळाच्या पाण्यात कालवा आणि खिडकीच्या काचेवर एक थेंब वाळू द्या. शेजारी नुसत्या पाण्याचा थेंब ठेवा. वाळलेला डाग कोरड्या फडक्याने सहज निघाला तर बाटली कामाची.

किमतीला बिचकू नका. कित्येक द्रावांचं प्रमाण २५६ भाग पाण्याला एक भाग असतं, म्हणजे पाच लिटरला जेमतेम २० मिलिलिटर. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस बादल्या होतात. जड पाण्याला द्राव थोडा जास्त घ्यावा लागतो, ते बाटलीवर पाहून घ्या.

पाण्याचंही एक सांगते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी साठवून मोटारीला वापरा, असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. फरशीला ते ठीक आहे, मोटारीला मुळीच नाही. गाळून काढलेले क्षार त्यातच तर उतरलेले असतात! त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा. ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फडक्याने गाळून घेतलं की झालं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणीही छान.

मोटार सावलीत, पत्रा थंड असताना घ्या. मायक्रोफायबरचं फडकं बुडवून छतापासून खाली या. एक दार पुसलं की दुसऱ्या फडक्याने लगेच कोरडं करा, मगच पुढचं. मळलेली घडी उलटत राहा. गाडी पुसायला माणूस येत असेल तर त्याला बादली नि फडकी तुम्हीच द्या, नाहीतर दहा गाड्यांची धूळ एकाच पोतेऱ्याने तुमच्या रंगावर घासली जाते. चिखलाने लडबडलेल्या मोटारीला मात्र ही पद्धत नको. आधी तांब्या-दोन तांबे पाणी मारून चिखल उतरवा, नाहीतर खडे ओरखडतील.

आणि हो, ही फडकी धुताना कपडे मऊ करणारं औषध घालू नका; त्याने ती पाणी शोषेनाशी होतात.