नळी तापली, पण काकवी?

मागच्या पौषातली गोष्ट. आमच्या गटाने काकवी बाटल्यांत भरायला घेतली. पहाटेची थंडी. डब्याच्या तोटीला जोडलेल्या स्टीलच्या नळीतून काकवी काही केल्या उतरेना. एकीने नळीखाली गॅसची शेगडी सरकवली आणि काय सांगू, लगेच धार लागली! दुपारी चव घेतली तर करपट. पंचवीस बाटल्यांतली काकवी गुरांच्या आंबोणात गेली, आणि बँकेचा हप्ता चार दिवसांवर.

धार तर छान लागली होती, मग करपलं कुठे? हायस्कूलच्या सरांनी कागदावर नळी काढून समजावलं.

काकवीसारखा दाट पदार्थ नळीतून थराथराने सरकतो. याला स्तरीय प्रवाह म्हणतात. नळीच्या अंगाला चिकटलेला थर जवळजवळ थांबलेलाच असतो, मधला सगळ्यात जोरात जातो. गोल नळीत मधोमधचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो. आणि हे थर एकमेकांत मिसळत नाहीत. १८८३ साली इंग्लंडात ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी सावकाश वाहत होतं तोवर रंगाचा धागा सरळ राहिला. वेग वाढवल्यावर तो विस्कटून सगळीकडे पसरला. आपली काकवी म्हणजे तो सरळ धागा.

आता नळी बाहेरून तापवली की आधी कडेचा थर पातळ होतो. साधं पाणीसुद्धा २० अंशांवरून ६० अंशांवर नेलं तर त्याचा चिकटपणा निम्म्याहून कमी होतो. काकवीचा तर कितीतरी जास्त उतरतो. कडेची पकड सुटली की वरच्या काकवीच्या भारानेच सगळं भराभर घसरतं. मधली काकवी अजून गारच असते! आम्हाला वाटलं, धार लागली म्हणजे काकवी तापली. तापली होती फक्त कड. तीच सगळ्यात हळू चालणारी, म्हणून तापल्या धातूपाशी जास्त वेळ रेंगाळली आणि जळली. बाटली बदलताना आम्ही तोटी बंद करायचो तेव्हा तर शेगडी चालू आणि काकवी जागच्या जागी. खरा घोटाळा तिथेच झाला असणार.

नळी जाड घेऊन भागेल असं मला वाटलं होतं. जाड नळीतून काकवी सहज उतरते हे खरं, पण रुंदी दुप्पट केली तर ऊब मध्यापर्यंत पोचायला चौपट वेळ लागतो.

आता आम्ही नळी तापवतच नाही. डबाच गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवतो आणि पळीने तळापासून ढवळतो, म्हणजे कडेचा थर मध्ये येतो. पाणी उकळलं तरी १०० अंशांच्या आसपासच राहतं, ज्योतीसारखं भाजत नाही. नळीला गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं की पुरतं. फडकं निवलं की बदलायचं, एवढंच काम.